पेरणीविना नांगरट

रोटेनबुर्ग,
२२ एप्रिल १९५२

ति. ओटिलीताईस,
धाकट्या लोरेन्झचा टोपी काढून नमस्कार. वि. वि.

मी धडधाकट आहे आणि हिंडतो आहे. यातली पहिली बातमी तुला आवडेल, दुसरी आवडणार नाही. पण ताई, उभा जन्म मी पोरांना जर्मनीचा इतिहास शिकवला आणि स्वतः पाहिलं काय, तर व्युर्त्सबुर्गची शाळा आणि शाळेसमोरचा बिअरचा गुत्ता. तोही इतिहास माझ्या नोकरीत तीनदा बदलला. आधी कैसरचा होता, मग प्रजासत्ताकाचा, मग त्या मिशीवाल्याचा, शेवटी अमेरिकनांना चालेल असा. दर वेळी पुस्तकं नवी आली, फळा पुसायचा बोळा तेवढा तोच राहिला. आता पेन्शन आहे आणि तुझी भावजय क्लारा नाही. ज्या गावात ती एका संध्याकाळी आगीत गेली, तिथे भाड्याच्या खोलीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा म्हटलं, जे शिकवलं ते खरं होतं का ते तरी बघून येऊ.

तर सध्या रोटेनबुर्गात आहे. इथली कथा तुला ठाऊक असेलच. शत्रूने गाव घेतलं, सेनापती जाळायला निघाला, आणि म्हाताऱ्या नगराध्यक्षाने तीन-साडेतीन लिटर वाइनचा चषक एका दमात रिता करून दाखवला म्हणून सेनापतीने गाव सोडून दिलं. चौकातल्या घड्याळात तो नगराध्यक्ष बाहुली होऊन अजून पीत असतो. मी खाणावळीच्या मालकिणीला सहज म्हणालो की त्या काळच्या कागदांत याचा उल्लेख नाही. तेव्हापासून मला बटाट्याचा दुसरा गोळा मिळालेला नाही. आपल्या लोकांचं हे असं आहे. गाव वाचलं तर श्रेय दारूचं, गाव जळलं तर वरून हुकूम होता.

पेन्टेकॉस्टच्या सणाला, एक जूनला, मी तुमच्याकडे येतोय. बाल्डुइनदाजींना सांग, खेळाच्या खुंट्यांना तेलपाणी करून ठेवा. जगात दुसरा कुठला गुत्ता असेल, ताई, जिथे माणूस बिअर थुरिंगियात पितो, मागच्या दाराने ओढ्यावरची फळी ओलांडून बव्हेरियातल्या मांडवात लाकडी चेंडूने खुंट्या पाडतो आणि भांडायचं झालं तर फळीवर मधोमध येतो? आमच्या बाजूचे अमेरिकन आणि तुमच्या बाजूचे रशियन, दोघांनीही आजवर त्याकडे डोळेझाक केली, हे मला या लढाईनंतरचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं.

एकच गोष्ट मनात आहे. इथे पेपरात रोज येतंय की बॉनचं आमचं सरकार मे महिन्यात पाश्चात्त्य देशांशी करार करणार. गाडीत, खाणावळीत, सगळे म्हणतात की तुमच्याकडचे त्यावर गप्प बसणार नाहीत. काय करतील ते मात्र कोणी सांगत नाही. तुम्ही काही ऐकलंत तर कळव.

दाजींना माझा नमस्कार आणि तुझ्या रागाला माझा आधीच दंडवत.
तुझा,
लोरेन्झ


वाइडेनग्रुंड,
४ मे १९५२

चि. लोरेन्झ,
अ. उ. आ. साठीच्या घोड्याला चिरंजीव म्हणताना माझीच जीभ अडखळते, पण मोठ्या बहिणीला दुसरा मायना नाही.

तुझं पत्र पोचलं. आधी कोणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. चिकटवणाऱ्याने तुझ्यापेक्षा जास्त गोंद लावलाय, त्यावरूनच कळलं, कारण तू लहानपणापासून कंजूष. तेव्हा यापुढे नगराध्यक्षांच्या दारूबद्दल खुशाल लिही, बाकीचं जपून.

आम्ही ठीक आहोत. बाल्डुइन गुडघ्याच्या नावाने कुरकुरतो आणि दिवसभर त्याच गुडघ्यावर उभा असतो. आपल्या गुत्त्यात, ‘राजहंसा’त, गिऱ्हाईक कमी झालंय. गुड फ्रायडेला ओढ्यापलीकडच्या कॅथलिक किलियान झाउअरने दरवर्षीसारखं नेमकं आमच्या खिडक्यांसमोर शेतात शेण पसरलं. आम्ही ल्यूथरवाल्यांनी त्या दिवशी नाक दाबून प्रार्थना करायची, ही त्याच्या आजोबांपासूनची रीत. बाल्डुइन खूश होता. म्हणाला, यांची ख्रिस्ताच्या देहाच्या सणाची मिरवणूक जूनमध्ये आहे, आपलं शेण तोवर चांगलं कुजेल. तीनशे वर्षं या ओढ्यावर कॅथलिक आणि आम्ही एवढीच लढाई लढलो बघ. तुझ्या पुस्तकांत नसेल.

आता दुसरं. गेल्या आठवड्यात चार माणसं आली, तिपाई आणि दुर्बीण घेऊन. ओढ्याच्या काठाने मोजत गेली. कुठून आलात विचारलं तर हसली. नंतर काठावरची सगळी अल्डरची झाडं तोडली. आजोबांनी लावलेलं पेअरचं झाडही गेलं, फुलावर आलं होतं. आपल्या ओळखीचे गस्तीचे पोलीसही बदलले. नवे सगळे सॅक्सनीकडचे आहेत. त्यांतला एक, रोश्लाउ नावाचा, चाळिशीचा असेल, दुपारी येऊन सूप पितो, थाळी स्वतः उचलून ठेवतो, आणि एक अक्षर बोलत नाही. परवा त्यानेच आणखी दोघांना घेऊन ओढ्यावरची फळी काढली. काढून आमच्याच भिंतीशी नीट उभी करून ठेवली, जणू धुवायला काढलीय.

बाल्डुइन म्हणतो, मासे पाळायचे असतील सरकारला. त्याच्या मते जगातली प्रत्येक वाईट गोष्ट माशांसाठी असते.

अर्नोची खोली झाडून काढली काल. गादी उन्हात टाकली, उशीचे अभ्रे बदलले. युक्रेनच्या कैदेतून परवा एकजण शेजारच्या खोऱ्यात परत आलाय. आठ वर्षं पत्ता नव्हता, आणि एके दिवशी आईच्या दारात उभा. आमच्या पोराचाही अजून पत्ता नाही, म्हणून खोली तयार ठेवायची. तू हसणार नाहीस हे मला माहीत आहे.

जपून रहा. दुसरा गोळा मिळत नसेल तर खाणावळ बदल, इतिहास बदलू नकोस.
तुझी ताई,
ओटिली


वाइन्सबेर्ग,
१४ मे १९५२

ति. ताईस,
लोरेन्झचा नमस्कार. वि. वि.

मी नेकारच्या काठाने द्राक्षमळ्यांतून चाललोय. सोबतीला हायलब्रोनचं एक गायन मंडळ भेटलं. तीन जर्मन एकत्र आले की मंडळ काढतात, आणि चौथा आला की त्याला नियम वाचून दाखवतात. मला त्यांनी वाचून दाखवले. चढावर गायचं नाही, उतारावर दोन आवाजांत गायचं.

गडावर चढलो. इथली बायकांची गोष्ट मी शंभरदा शिकवली असेन. राजाने गडाला वेढा घातला, आतल्या पुरुषांना मारायचं ठरवलं, बायकांना सांगितलं की तुम्हाला पाठीवर जेवढं नेता येईल तेवढं घेऊन चालत्या व्हा. सकाळी दार उघडलं तर बायका नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन उतरताहेत. मंडळातला एक जाडजूड गायक बायकोकडे बघत म्हणाला, अशा बायका आता राहिल्या नाहीत. ती म्हणाली, अशा मापाचे नवरेही तेव्हा नसतील.

सगळे हसले, मीही हसलो. पण मग भिंतीवर बसलो आणि एक गोष्ट पहिल्यांदाच ध्यानात आली. ताई, त्या बायकांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. दार कधी उघडणार आणि कधी बंद होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

गोंदवाल्या गृहस्थांनी वाचलं तर वाचू दे, मी सरळ लिहितो. तुम्ही दोघं इकडे या. माझ्या खोलीत दोन खाटा मावतात, मी जमिनीवर झोपेन. काठावरची झाडं माशांसाठी तोडत नाहीत. आमच्या गावात पंचेचाळीसच्या मार्चपर्यंत सगळे म्हणत होते, इथे नुसती चर्च आणि दवाखाने, इथे कोण बाँब टाकणार. क्लाराही तेच म्हणायची. पडद्यांना खळ देऊन इस्त्री करत होती ती, त्या दुपारी.

अर्नोचं मला कळतं. मला ते सगळ्यात जास्त कळतं. पण त्याला आई-बाप हवेत का खोली हवी?

उत्तर लवकर दे. पंधरा दिवसांत मी व्युर्त्सबुर्गला परततो, तिथेच लिही.
तुझा,
लोरेन्झ


वाइडेनग्रुंड,
२९ मे १९५२

चि. लोरेन्झ,
अ. उ. आ.

पेन्टेकॉस्टला येऊ नकोस. हे पहिलं लिहिते, नंतर बाकीचं. हे पत्र पाद्रीबाबा नेताहेत. दोन्ही काठांवर त्यांची माणसं आहेत म्हणून त्यांचा पास अजून चालतो. या आठवड्यापर्यंत चालेल, पुढचं त्यांना माहीत नाही. त्यामुळे आज गोंदाची भीती नाही.

मंगळवारी चर्चसमोर सगळ्यांना बोलावून हुकूम वाचला. ओढ्याच्या काठाने दहा मीटर पट्टी नांगरायची. तिच्यात पाय ठेवला तर गोळी घालतील. काठापासून पाचशे मीटरांत राहणाऱ्यांनी सूर्य बुडाला की घरात बसायचं. ओळखपत्रावर नवा शिक्का लागेल, आणि गुत्ते बंद. वाचणारा घशाला कोरड पडून दोनदा थांबला, तर बाल्डुइनने सवयीने आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं.

पट्टी काल नांगरली. आपल्याच गावाच्या ट्रॅक्टरने, आपल्याच माणसाकडून. मग त्यावरून दात्याचा कुळव फिरवला. लोरेन्झ, आजवर इतकी सुबक जमीन मी पाहिली नाही. ढेकूळ नाही, तण नाही, केस विंचरावेत तशी. आणि पेरायचं काही नाही. बाल्डुइन सकाळपासून मागच्या पायरीवर बसून तिकडे बघतोय. शेतकऱ्याचा मुलगा आहे ना. म्हणाला, नांगरून पेरत नाहीत ती जमीन थडग्याची. त्यानंतर माशांबद्दल तो काही बोललेला नाही.

आमच्या कोंबड्यांना हुकूम वाचता येत नाही. त्या पलीकडे जाऊन आल्या. रोश्लाउने त्यांच्या पायांच्या खुणा काठीने मोडून परत सारख्या केल्या. मी खिडकीतून बघत होते हे त्याला कळलं. मान खाली घालून गेला.

तुझ्या गडावरच्या बायकांचं. बाल्डुइनला पाठीवर घेतलं तर मी मागच्या पायरीपर्यंतही पोचणार नाही. राजाने मला विचारलं असतं तर मी डुक्कर नेलं असतं आणि बाल्डुइनला डुकरामागून चालायला लावलं असतं. तो कुठेही येतो, पुढे डुक्कर असलं की. पण आता नाही येत. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. खोलीबद्दलचं वाक्य ऐकून तो उठून अर्नोच्या खोलीत गेला आणि जेवायलाही खाली आला नाही.

येऊ नकोस. आणि आलास तर हाक मारू नकोस.
तुझी ताई


किलियानच्या घरून,
२ जून १९५२

ति. ताईस,
नमस्कार. वि. वि.

तू नको म्हणालीस आणि मी आलो. साठ वर्षांत तुला दुसरं काही अपेक्षित नसेल.

काल दुपारी खुंट्यांच्या मांडवाशी उभा होतो. तुमच्या चर्चच्या दाराला बर्चच्या फांद्या बांधलेल्या दिसल्या. घंटा ऐकू आली, तुमच्या शेजारच्या वुटके बाईंच्या घरचा रुबार्बच्या केकचा वासही आला. आणि मधे ती पट्टी. तू कपडे घेऊन बाहेर आलीस. मी हाक मारली नाही. टोपी काढली, तर पलीकडच्या पोलिसाने दुर्बीण माझ्यावर धरली. तू वर पाहिलं नाहीस, पण एकच चादर तीनदा वाळत घातलीस. तेवढं पुरलं मला.

आता नीट वाच. शनिवारी शेजारच्या वाडीतून दोन घरं इकडे आली, भर दिवसा, गाईंसकट. त्यांतला एक मोटारगाड्या दुरुस्त करायचा. तो सांगतो, जिल्ह्यातल्या सगळ्या मालमोटारी सरकारने मागवून घेतल्यात. त्यांत बाकं नाहीत बसवलेली, म्हणजे सैनिकांसाठी नाहीत. आणि जंक्शनवर मालगाडीचे रिकामे डबे धुऊन उभे केलेत. कशासाठी, ते स्टेशनमास्तरलाही सांगितलेलं नाही. ताई, हा देश काही करायचा झाला की आधी डबे धुतो. हे आपण दोघांनी पाहिलेलं आहे. गावातून ज्यू माणसं डब्यांकडे जाताना आपण आपापल्या पडद्यामागून पाहिलेलं आहे.

किलियानचा निरोप आहे. त्याची धान्याची कोठी रिकामी आहे, चूल आहे, खाट तो आज ठोकतोय. म्हणाला, बाल्डुइनला सांगा, इथे त्याला कोणी जबरीने कॅथलिक करणार नाही, फक्त मिरवणुकीच्या दिवशी बँड ऐकावा लागेल. हे सांगताना हसत होता, मग पाठ फिरवून पुन्हा खाट ठोकायला लागला.

दाजींना माझ्या शब्दांत सांगू नकोस, मी शिक्षक आहे, माझं कोणी ऐकत नाही. किलियानच्या शब्दांत सांग. पाद्रीबाबा उद्या शेवटचे येतील जातील. मी इथेच थांबतो.
तुझा,
लोरेन्झ


वाइडेनग्रुंड,
३ जून

लोरेन्झ,
पाद्रीबाबा दारात उभे आहेत म्हणून आशीर्वाद शेवटी.

येतो आम्ही. बाल्डुइन हो म्हणाला. किलियानने खाट ठोकली हे ऐकल्यावर बाहेर गेला, डुकराला खाणं घातलं, आत आला आणि मला म्हणाला, माझे हिवाळी बूट कुठे आहेत.

शनिवारी सकाळी येतो. रोश्लाउने आज सूप पिऊन झाल्यावर थाळी ठेवताना, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हटलं की शनिवारी सकाळी माझी पाळी आहे आणि मी खालच्या विलोच्या झाडांपाशी असेन. खरं सांगितलं का जाळं टाकलं, मला कळत नाही. चेहरा वाचावा तर त्याला चेहराच नाही. पण त्याच्या आधी ओलांडलं तर दुसरे आहेत आणि ते सूप पीत नाहीत.

अर्नोसाठी काय करायचं ते ठरवतोय. इथे कुणाकडे तरी सांगून ठेवावं म्हटलं, तर आता कुणाला काही सांगायची भीती वाटते. ज्याला सांगावं तोच विचारेल, तुम्ही कुठे निघालात.

अनेक आशीर्वाद. फळी अजून भिंतीशीच उभी आहे.
ओटिली


किलियानच्या घरून,
७ जून १९५२

ताई,
पहाटेपासून मी आणि किलियान मांडवाशी आहोत. धुकं गेलं. ऊन चढलं. तुमच्या धुराड्यातून धूर नाही. अर्नोच्या खोलीची खिडकी सताड उघडी आहे आणि पडदा बाहेर येऊन भिंतीवर आपटतोय. तुमची गाय ओरडते आहे, दूध न काढलेल्या गाईसारखी.

विलोंपाशी रोश्लाउ उभा आहे. एकटाच. इकडे तोंड करून.

हे पत्र जुन्या पत्त्यावर टाकतोय कारण दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. कुठे आहात?
लोरेन्झ


येनाजवळ,
२० जुलै १९५२

चि. लोरेन्झ,
अ. उ. आ. आम्ही जिवंत आहोत. हे पत्र शेजारच्या घरातली एक बाई बर्लिनला मुलीकडे जातेय तिच्याजवळ देते. पश्चिमेकडच्या भागात ती पेटीत टाकेल. उत्तर तिच्या मुलीच्या पत्त्यावर पाठव, तो खाली दिलाय. इथे सरळ लिहू नकोस.

गुरुवारी सकाळी आले ते. शनिवारच्या आधीच्या गुरुवारी. आम्ही नुकते चिकोरीच्या कॉफीला बसलो होतो. चर्चसमोर मालमोटारी, आणि दारात साध्या कपड्यांतले दोघेजण, फार सभ्य. तुमच्याच सुरक्षिततेसाठी तुम्हाला हलवायचंय म्हणाले. दुपारपर्यंत सामान भरा. त्यांच्या यादीत गावातली सात-आठ घरं होती. वुटके बाई किंचाळत होत्या, आमच्याकडे कोणी किंचाळलं नाही. त्यांनी पेल्यांचं कपाट उचलायला मदतही केली. एकाने विचारलं, हे काचेचं आहे का.

बाल्डुइनने एकच विचारलं, कुठे. ते म्हणाले, पोचल्यावर कळेल. त्याने पुन्हा विचारलं. तुला माहीत आहे तो कधी एक गोष्ट दोनदा विचारत नाही. म्हणाला, माझ्या मुलाला सांगून ठेवायला हवं आम्ही कुठे गेलो ते. कोणता मुलगा, त्यांनी कागद बघत विचारलं. रशियात आहे, बेपत्ता, बाल्डुइन म्हणाला. त्यावर तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, “मग तो आज काही येत नाही.”

बाल्डुइनने गिऱ्हाइकांच्या बिअरच्या रेघा ओढायचा खडू फळ्यावरून उचलला. मागच्या दाराला आतून, शाळेतल्यासारखं मोठं अक्षर काढून लिहिलं. अर्नो, लोरेन्झमामाकडे जा. आणि खाली तुझ्या घराचा पूर्ण पत्ता. आम्ही स्वतः कुठे जाणार ते माहीत नव्हतं, तुझं घर तेवढं माहीत होतं. मी वळले तर मागे रोश्लाउ. त्याला आम्हाला बाहेर काढायला पाठवलं होतं. त्याने ते वाचलं. सावकाश वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, चला म्हणाला, आणि आम्हाला पुढे पाठवून दार आतून ओढून घेतलं. तो थोडा वेळ आतच राहिला. पुसलं का तसंच ठेवलं, मला माहीत नाही.

डब्यात दीड दिवस. इथे एका घरात वरची खोली दिलीय. आमच्या आधी गावात सांगून ठेवलं होतं की सीमेवरचे चोरटे व्यापारी आणि भामटे येताहेत. पाववाली माझ्या हातात पाव देत नाही, फळीवर ठेवते. घरमालकिणीने पहिल्या दिवशी अंगणातली हत्यारं आत नेऊन कुलूप घातलं. परवा मी तिच्या नातीचा फाटलेला झगा शिवून दिला, तेव्हा म्हणाली, तुम्ही तशा वाटत नाही. कशा, ते मी विचारलं नाही.

बाल्डुइन लाकडाच्या वखारीत भुसा झाडतो. बिअर सोडली. इतक्या दिवसांत त्याने स्वतःहून एकच प्रश्न विचारला. दार उघडं राहिलं आणि पाऊस आत आला, तर खडू टिकेल का?

तू जाऊन बघशील का, लोरेन्झ? लांबून दिसणार नाही, मला ठाऊक आहे. तरी जा.
तुझी ताई,
ओटिली


व्युर्त्सबुर्ग,
२४ ऑगस्ट १९५२

ति. ताईस,
लोरेन्झचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. जे पाहिलं ते तुझ्यापासून लपवावं असं येताना गाडीत ठरवलं होतं. काहीतरी बरं लिहायचं, अशी दोन पत्रं लिहून फाडली. मी खोटं लिहिलं की माझं अक्षर सुंदर येतं आणि तू ओळखतेस.

‘राजहंस’ उतरवताहेत. मी आणि किलियान मांडवाशी होतो तेव्हा छप्पर गेलेलं होतं. कौलं एका बाजूला रचलेली, वासे दुसऱ्या बाजूला. पोलिसांना काठावर नजर मोकळी हवी, म्हणून पहिल्या ओळीतली घरं काढताहेत. मागचं दार बिजागऱ्यांवरून काढून एका गाडीवर आडवं टाकलेलं होतं, आतली बाजू खाली. मी किलियानची दुर्बीण घेऊन उभा राहिलो. गाडी वळली, चर्चच्या मागे गेली. ती बाजू मला दिसली नाही. खडू होता की नव्हता, ते मी सांगू शकत नाही.

रोश्लाउ पुन्हा दिसला नाही. किलियान म्हणतो, त्या शनिवारनंतर त्याची बदली झाली. कुठे, कोणाला माहीत नाही. तो शनिवारी विलोंपाशी आमच्याकडे तोंड करून उभा होता, ते मी विसरू शकत नाही. तुम्ही येणार नाही हे त्याला माहीत होतं. आम्हाला माहीत नाही, हेही माहीत होतं. दोन तास उभा होता तसाच. त्याच्या मनात काय होतं ते देव जाणे.

आता मी काय केलं ते सांगतो. किलियानने ओढ्याच्या या बाजूच्या चारही गावांत घरोघर सांगून ठेवलंय, दोन्ही पंथांच्या पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलंय, ताई, हे तीनशे वर्षांत पहिल्यांदा. कैदी सुटून येतात त्या फ्रीडलांडच्या छावणीत मी स्वतः जाऊन आलो. म्युनिकला रेडक्रॉसच्या शोध खात्यात अर्नोच्या नावापुढे आता माझा पत्ता आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही बहुतेक वेळ घरी असता ना, कारण असे लोक येतात तेव्हा कळवून येत नाहीत, आणि दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवत नाहीत.

लूबेक बघायचं राहिलं होतं. ऱ्हाइनवरून बोटीने खाली जायचं होतं, हामेलनला, पुंगी वाजवून उंदीर नेणाऱ्याच्या गावी जाऊन तिथल्या लोकांना छळायचं होतं. तिकीट काढलेलं होतं, ते गायन मंडळाच्या त्या जाड गृहस्थाला देऊन टाकलं. दुधवाल्याकडे, भाजीला, मी सकाळी लवकर जाऊन येतो, आणि तेवढ्या वेळापुरती शेजारच्यांना हाक मारून जातो.

दाराबाहेर माझ्या नावाखाली तुमच्या आडनावाची दुसरी पाटी लावली, ‘ट्राउटफेटर, वाइडेनग्रुंड’ अशी. दाजींना सांग, पितळेची आहे, पावसाने काही होत नाही. यावरून घरमालकीणबाई वर आल्या होत्या. या घरात नोंद नसलेल्या माणसांची पाटी लावता येत नाही, असा नियम आहे. नियम त्यांनी वाचून दाखवला. हे ट्राउटफेटर कोण, आणि आहेत कुठे, विचारू लागल्या. मी सांगितलं, माणसं प्रवासात आहेत. कधी यायची? ते ठरलेलं नाही. मग इतके दिवस त्यांच्याकडे कोणी आलं तर दार कोण उघडणार, म्हणाल्या.

मी म्हटलं, मी घरीच असतो.

तुम्हा दोघांचा,
लोरेन्झ